पाय ब्रेकवरच होता

हर्नडन, व्हर्जिनिया
१७ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. निहार एअरपोर्टवर आला होता. वहिनीने बांधून दिलेल्या करंज्या त्याने घरी पोहोचायच्या आतच संपवल्या. आईला कशी आहेस हे विचारायचं मात्र राहून गेलं. मी पत्र लिहायला बसले की तो हसतो. त्याला काय सांगू, उजवा कान गेल्यापासून फोनवरचं माणूस मला पिंपात बसून बोलल्यासारखं ऐकू येतं. शिवाय तुझं अक्षर आलं की दोनदा वाचता येतं. फोन दोनदा वाचता येत नाही.

दसरा छान झाला रे तुझ्याकडे. वहिनीने तुझ्या गाडीचं नाव म्हैस ठेवलंय ते काही उगीच नाही. काळीभोर, अंगाने आडवी, आठवडाभर गॅरेजमध्ये बसून राहणार आणि उठली की टाकीभर पिणार. शहाण्णव सालची गाडी तू अजून अशी चकचकीत ठेवलीयस की लोक सिग्नलला काच खाली करून बघतात, हे मी या वेळी स्वतः पाहिलं. पण पूजेत मात्र तू चेंगटपणा करत होतास. बॉनेटला हार घातला की झालं, म्हणे. मी हट्टाने बॉनेट उघडायला लावलं. अप्पा इचलकरंजीला मागांची पूजा करायचे तेव्हा विडा पाटावर ठेवायचे नाहीत, थेट मागावर ठेवायचे. ज्याचा मान त्याच्या डोक्यावर, असं म्हणायचे. तसाच मी इंजिनावर ठेवला, दोन पानं, सुपारी आणि वर एक क्वार्टरचं नाणं. स्वच्छ इंजिनावर हळद सांडली म्हणून तू कुरकुरलास, तेवढ्यात पावसाचे थेंब आले आणि सगळं घाईघाईने गोळा करून बॉनेट बंद करावं लागलं. तरी मनाला समाधान झालं.

एक मात्र सांगते. तळ्याकडे जाताना हायवेवर चढताना तू पाय रोवून जो गॅस दाबलास ना, तसा परत दाबू नकोस. शैलेंद्र अपघातात गेल्यापासून गाडीने वेग घेतला की मी जीव मुठीत धरून बसते, आणि तू तर हसत होतास.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, त्यात काटकसर नको.

तुझी,
उल्का


नोव्हाय, मिशिगन
२७ ऑक्टोबर २०२४

चि. उल्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. हे पत्र मी गिरिजाला न दाखवता लिहितोय आणि यातलं एक अक्षरही हिमानीच्या कानावर जाता कामा नये. मुलगी शॉमबर्गला बसून माझ्यावर डोळा ठेवून असते, तिला निमित्तच हवं आहे.

तू गेल्यावर काही दिवसांनी मी इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. पार्किंगमधून रस्त्यावर वळताना जरा जास्त गॅस दिला आणि पाय उचलला, तर गाडी ऐकेचना. पाय वर आणि इंजिन मात्र गुरगुरत पुढे ओढतंय. ब्रेक दाबला, न्यूट्रलमध्ये टाकली, तेवढ्यात एका खड्ड्यातून गेलो आणि सगळं शांत झालं. पायाखालची मॅट सरकली असेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग गेल्या मंगळवारी आपल्याच गल्लीत, घरासमोर, पुन्हा तेच. शेजारच्या रुपालीची मुलगी रुही तुला आठवत असेल, रविवारी माझ्याकडे मराठी वाचायला येते ती. ती फुटपाथवर सायकल चालवत होती. गाडी उसळली, फुटपाथच्या कडेवर चढली, आमचाच मेलबॉक्स आडवा केला आणि हिरवळीवर जाऊन थांबली. रुहीने सायकल टाकून बाजूला उडी मारली म्हणून वाचली. सायकलचं पुढचं चाक माझ्या चाकाखाली होतं. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. ती रडलीही नाही, नुसती उभी राहून माझ्याकडे बघत होती.

रुपाली धावत आली. काका, पाय चुकला का, असं तिने विचारलं आणि मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मी सगळी नोकरी ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये काढली. गाडी भिंतीवर घातलेले म्हातारे यायचे आणि प्रत्येक जण शपथेवर सांगायचा की पाय ब्रेकवरच होता. आम्ही मान डोलवायचो आणि आत जाऊन हसायचो. आता माझाही पाय ब्रेकवरच होता, उल्के. म्हणजे मला तसं वाटतं.

गाडी वर्कशॉपमध्ये दिली होती. त्यांनी पेडल, केबल, मॅट सगळं पाहिलं, चालवून आणली, काही सापडलं नाही. गाडी ठीक आहे म्हटल्यावर उरलो मीच. अप्पांना शेवटी शेवटी चप्पल कुठल्या पायातली ते कळेनासं झालं होतं. मी त्याच वयाला आलोय. मला फार भीती वाटते आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

निहारला आशीर्वाद. लोभ असू दे, आत्ता त्याची गरज आहे.

तुझा,
दादा


हर्नडन
१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज फराळ करताना वाचलं. फराळाचं ताट तसंच टाकून मी हिमानीला फोन लावला. होय, मी सांगितलं तिला. सगळं सांगितलं. तू मला शिव्या घाल, वर्षभर बोलू नकोस, चालेल. तू जिवंत राहून माझ्याशी अबोला धर.

दादा, मी त्या रुहीला एकदाच पाहिलंय, तुझ्याकडे दसऱ्याला सोनं द्यायला आली होती तेव्हा. आपट्याची पानं नव्हती म्हणून कागदाची कापून आणली होती तिने. तुझं पत्र वाचल्यापासून मला ती फुटपाथवर उभी दिसते आहे. ती दिसली की पाठोपाठ शैलेंद्र दिसतो. त्या दिवशी घरात कोथिंबीर नव्हती. पोह्यांवर कोथिंबीर नसली तर काय बिघडणार होतं? पण मी नवऱ्याला म्हटलं, जाऊन ये ना पटकन, आणि तो गाडी घेऊन गेला तो घरी परत आलाच नाही. मला आता आपल्या माणसांपैकी कुणीही गाडीत बसलेलं बघवत नाही, आणि तुझ्यासारखा माणूस स्वतःच सांगतो की पाय कुठे होता ते नक्की सांगता येत नाही.

हिमानी या वीकेंडला येतेय. ती किल्ली मागेल, तू दे. भांडू नकोस. डॉक्टरकडे नेईल, जा. मी तुझ्या पाया पडते.

परवा भाऊबीज. ओवाळणी म्हणून मला एवढंच हवं आहे.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
उल्का


नोव्हाय
१५ डिसेंबर २०२४

प्रिय उल्कावन्सं,
स. न. वि. वि.

तुमचे दादा पत्र लिहीत नाहीत म्हणून मीच लिहिते. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, घरात काही आवाज तरी झाला असता.

हिमानीने किल्ली मागितली तेव्हा त्यांनी लगेच खिशातून काढून दिली. ती पोर तीन तास भाषण तयार करून आली होती, तिला ते म्हणायचीच वेळ आली नाही. मग बाथरूममध्ये जाऊन रडली. डॉक्टरांनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं वयाप्रमाणे ठीक आहे म्हणाले, तरी गाडी नको आणि सहा महिन्यांनी परत दाखवा, असंही म्हणाले. यांनी त्यातलं फक्त परत दाखवा एवढंच ऐकलं.

तेव्हापासून घरात वेगळाच माणूस वावरतोय. जिना उतरताना कठड्याला धरून प्रत्येक पायरीकडे बघतात. गॅस बंद केला का हे मला विचारतात आणि मी हो म्हटलं तरी स्वतः जाऊन बघतात. जुन्या ऑफिसातल्या लोकांची नावं पुटपुटत बसतात आणि एखादं अडलं की चेहरा उतरतो. परवा मशीनमध्ये कपडे टाकायला गॅरेजमध्ये गेले तर हे म्हशीत बसलेले. गाडी बंद, डोळे मिटलेले आणि पाय ब्रेकवरून गॅसवर, गॅसवरून ब्रेकवर. मी उभी होते ते त्यांना कळलंही नाही. मी तशीच परत फिरले आणि मशीन न लावताच स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मी त्या गाडीला कायम नावं ठेवली हो. तिच्या पेट्रोलवर, तिच्या वॅक्सवर, तिच्यासाठी ओहायोच्या भंगारवाल्यांकडे मारलेल्या चकरांवर. पण निदान तिच्याजवळ असताना हा माणूस शीळ घालायचा. रुपालीही आता रविवारी रुहीला पाठवत नाही. शाळेचा अभ्यास वाढलाय म्हणते. खरं कारण तिलाही माहीत आहे, मलाही. मी तिच्या जागी असते तर पाठवली नसती.

तुमच्या निहारला ती गाडी पहिल्यापासून आवडते. त्याला विचारून बघाल का? दारात उभी राहिली तर यांचं मन तिथेच अडकून राहील.

कळावे. तुमचं माझं जे आहे ते असंच राहो.

तुमची,
गिरिजा


नोव्हाय
९ मार्च २०२५

चि. उल्का हिस,
अनेक आशीर्वाद.

इतके महिने पत्र नाही याबद्दल माफ कर. हिवाळा लांबला. आता बर्फासाठी रस्त्यांवर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन निघालं की निहारने येऊन गाडी घेऊन जावी. विमानाने ये आणि चालवत परत जा, असं मी त्याला कळवलंय. तुला भीती वाटेल, पण मी तिची नीट तपासणी केली आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेव, ती गाडी सुरक्षित आहे.

निहारला या गोष्टी समजावून सांग, कारण फोनवर तो हो हो म्हणतो आणि ऐकत नाही. थंड इंजिनावर गॅस मारायचा नाही, जुनं माणूस उठताना थोडा वेळ घेतं तसा तिलाही द्यायचा. तेल वेळच्या आधी बदलायचं. दारांची रबरं आता कुठे बनत नाहीत, ती पुसायची, ओढायची नाहीत. मागच्या चाकांच्या वरची पट्टी आतून बोटाने चाचपून बघायची, गंज तिथून सुरू होतो आणि बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि तिला कुणाशी शर्यत लावायला लावायची नाही. ती जिंकेल, म्हणूनच लावायची नाही.

माझी तब्येत बरी आहे. झोप लागते. डॉक्टरची पुढची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली, हिमानी चिडलीय, चिडू दे. गाडी चालवायचं सोडलंय ते सोडलंच, त्याबद्दल आता पुन्हा बोलायला नको. माझं वय झालं, एवढंच समज.

बाकी काही नाही. लोभ आहे, तो जपून ठेव.

तुझा,
दादा


हर्नडन
२० मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

म्हैस दारात येऊन उभी राहिली. निहार सुखरूप आला आणि माझ्या जिवात जीव आला. तो निघाल्यापासून मी देवापाशी बसून होते. शेजारच्या काकू बसायला आल्या आणि माझं तोंड बघून लगेच परत गेल्या. आता तो रोज संध्याकाळी तिला पुसतो. स्वतःची खोली कधी आवरली नाही या मुलाने.

तुझ्या पत्रात झोप लागते असं वाचून मला बरं वाटलं. खरं सांगू, मला सारखी टोचणी होती. मी हिमानीला सांगितलं नसतं तर, असं वाटायचं. पण आता वाटतं, बरोबरच केलं. गाडीत काही नव्हतं, तुझ्या वयाला पाय चुकतो, कुणाचाही चुकतो, त्यात लाज कसली? निहार तरुण आहे, त्याच्या हातात ती ठीक राहील.

दहा दिवसांवर गुढीपाडवा आहे. गाडी आपल्या दारात आल्यावरचा पहिलाच सण, तेव्हा साग्रसंगीत पूजा करणार आहे. नारळ फोडणार आणि बॉनेट उघडून इंजिनावर विडा ठेवणार, अगदी तुझ्याकडे ठेवला होता तसाच. त्या वेळी पावसाने घाई झाली, सगळं धड करता आलं नाही. कदाचित म्हणूनच पुढचं सगळं झालं असेल, असंही माझ्या मनात येतं. या वेळी विडा दिवसभर राहू देणार, संध्याकाळी त्याच गाडीने निहार मला देवळात नेईल.

तुझ्या गाडीला आमच्याकडे काही कमी पडणार नाही. लोभ करतोस तसा करत राहा.

तुझी,
उल्का


नोव्हाय
२४ मार्च २०२५

चि. उल्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्याबरोबर मी निहारला फोन केला आणि बजावलं की इंजिनावर काहीही ठेवू द्यायचं नाही, पानसुद्धा नाही. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. तुलाच आधी सांगायला हवं. हे पत्र खाली बसून वाच.

मार्चच्या सुरुवातीला गाडी निहारला द्यायची म्हणून मी इंजिनावरचे भाग उघडून साफ करायला घेतले. गॅस दाबला की आत एक छोटी पट्टी फिरते आणि सोडला की स्प्रिंग तिला मागे आणते. त्या पट्टीच्या खाली ओंजळीसारखी खोलगट जागा आहे. तिथे एक सुपारी पडलेली होती. एका बाजूला अजून हळद लागलेली. जास्त गॅस दिला की इंजिनाच्या थरथरीने ती वर उडून पट्टीच्या मागे अडकणार, पट्टी परत फिरणार नाही, आणि मोठा धक्का बसला की सुपारी पुन्हा खाली जाणार. वर्कशॉपवाल्यांनी केबल पाहिली, पट्टी पाहिली. तिच्याखाली हात घालून बघायचं त्यांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. त्या दिवशी पावसाच्या घाईत पानं तू उचललीस, क्वार्टर मी उचललं, आणि सुपारी दुसऱ्याने घेतली असं आपण दोघंही धरून चाललो. बॉनेट मी बंद केलं. इंजिनिअर मी होतो. यात दोष द्यायचाच असेल तर तो माझा आहे.

मी गॅरेजच्या फरशीवर बसून रडलो, उल्के. चार महिने मी स्वतःला मोडीत काढलं होतं. माझा पाय ब्रेकवरच होता. उठून गिरिजाला हाक मारणार होतो, हिमानीला फोन करणार होतो, रुपालीच्या दारात जाऊन उभा राहणार होतो. पण मला तू दिसलीस. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी तू चार वर्षं स्वतःला फासावर लटकवून ठेवलं आहेस. तुझ्या हातून ठेवलेल्या सुपारीने रुही मरता मरता वाचली हे तुला कळलं असतं तर तू पुन्हा जेवली असतीस का? गिरिजाला सांगितलं असतं तर तिने हिमानीला, हिमानीने निहारला, आणि संध्याकाळपर्यंत ते तुझ्यापर्यंत पोहोचलं असतं. म्हणून सगळ्यांपासून लपवलं. माझं डोकं ठिकाणावर आहे हे मला कळलं, मला तेवढं पुरे होतं. नऊ तारखेचं पत्र लिहिताना ती सुपारी माझ्यासमोर टेबलावर होती.

आणि आता तू तसाच विडा ठेवायला निघालीस. या पत्राचा तुझ्यावर काय परिणाम होईल याची मला धास्ती आहे, पण न लिहून चालणार नव्हतं. निहार तुझ्याजवळ असताना हे वाच. वाचून झालं की काहीतरी खा.

लोभ तुटू देऊ नकोस, एवढीच याचना.

तुझा,
दादा


हर्नडन
२ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाडवा झाला. गाडीला लांबूनच हळदकुंकू लावलं, नारळ ड्राइव्हवेच्या टोकाला फोडला, बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.

तुझं पत्र वाचून मी खाली बसले ती बराच वेळ उठले नाही. निहारने पाणी आणलं. तू सांगितलंस म्हणून अर्धी पोळी खाल्ली. मग मी हिमानीला फोन केला. तिचं बोलणं मला अर्धं ऐकू येतं, म्हणून मीच बोलले. तुझ्या बाबांचा पाय जागेवर होता, सुपारी माझी होती, हे दोनदा सांगितलं. ती इंग्रजीत काहीतरी म्हणत होती आणि रडत होती. वहिनीच्या गाडीची किल्लीसुद्धा तुझ्यापासून लांब, कपाटात ठेवायला लावली होती तिने, ती आजच काढून तुला द्यायला सांगते म्हणाली. रुपालीलाही मी चिठ्ठी पाठवली आहे. तिने रुहीला परत पाठवावं असं लिहिलेलं नाही, तो तिचा प्रश्न. झालं काय, ते मात्र लिहिलं.

मला वाईट वाटतंच आहे. डोळे मिटले की ती कागदाची पानं दिसतात. पण दादा, मी जेवते आहे. मी मेले नाही. तू ठरवूनच टाकलं होतंस की मला सोसणार नाही. माझ्या झोपेसाठी तू स्वतःला म्हातारा ठरवून घेतलंस, मुलीने घेतलेली किल्ली परत मागितली नाहीस, आणि मी इथे बसून तुला वर लिहिते की पाय चुकला तर लाज कसली. मला तुझा इतका राग कधी आला नव्हता. तू हे इतकं सराईतपणे केलंस की मला संशयही आला नाही. मी तुझी सगळी पत्रं परत काढून वाचली. नऊ तारखेच्या पत्रात माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं लिहिलंयस, आणि मी ठेवला होता.

त्यातून एक गोष्ट माझ्या मनात शिरली आहे आणि ती निघत नाही. शैलेंद्रच्या वेळी हॉस्पिटलमध्ये एकालाच आत सोडत होते. माझे पाय उचलत नव्हते म्हणून तू गेलास. मी पार्किंगमध्ये वहिनीला धरून उभी होते. तू बाहेर आलास आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास की त्याला काही कळलंच नाही, एका क्षणात गेला. त्या एका वाक्यावर मी ही वर्षं काढली. इतर कशावर नाही. कोथिंबिरीचं ओझं मी उचलू शकले ते त्या वाक्यामुळे.

ते खरं होतं का, दादा?

मला बरं वाटेल असं काही लिहू नकोस. आणि मला काय सोसेल याचा हिशोब तू करू नकोस.

लोभ आहे. खरेपणाने असू दे.

तुझी,
उल्का


नोव्हाय
७ एप्रिल २०२५

चि. उल्का हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. गिरिजाने वाचून दाखव म्हटलं, मला वाचता आलं नाही, तिनेच वाचलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर हो असतं तर ते याच ओळीत लिहिलं असतं.

शुक्रवारी सकाळी निघतो. गिरिजाची गाडी घेऊन, मीच चालवणार आहे. हिमानी विमानाची तिकिटं काढते म्हणत होती, मी नको म्हटलं. त्या दिवशी मी बराच वेळ आत होतो, आणि शैलेंद्र जे बोलला ते सगळं माझ्या लक्षात आहे. तुझ्यासाठी होतं ते. एवढा काळ मी ते स्वतःजवळ ठेवून घेतलं, माझा त्याच्यावर हक्क नव्हता.

तुझ्या दारात उभं राहायची मला भीती वाटते. तरी दार उघड.

लोभ राहिला का, ते येऊन पाहीन.

तुझा,
दादा